उघड्या छातीवरचं लेकरू

शेजारच्या बाळंतिणीच्या खोलीतून ओव्याच्या धुरीचा वास आला, की मला किन्हीराजा गावातल्या सासरघरातली ती दुपार आठवते. धाकट्या जावेचं लेकरू वेळेआधी झालेलं, वजनाला अगदीच कमी, आणि जाऊ तापानं फणफणलेली. बाळंतिणींसाठी गावोगाव काम करणाऱ्या एका संस्थेची ताई आली. तिनं धुराची शेगडी आधी अंगणात काढायला लावली आणि माझ्या देराला, लेकराच्या बापाला, म्हणाली, "भाऊ, शर्ट काढा. छातीशी धरा त्याले, तुमचीच ऊब पाहिजे." सासूबाई उसळल्या, "बापासमोर आपलं लेकरू कोनी घेते का? लाज हाय का नाई?" आमच्या घरात वडीलधाऱ्यांदेखत बापानं मुलाला घ्यायचंच नाही, माझी दोन्ही बाळंतपणं तशीच गेली. पण देरानं बटणं काढली. ताईनं ते एवढंसं लेकरू त्याच्या उघड्या छातीवर ठेवून मऊ लुगड्यानं बांधलं. सासरे चपला घालून बाहेर निघून गेले. देर भिंतीला टेकून हळूहळू श्वास घेत होता, त्याला पाहून खाटेवरची जाऊ तापातही हसली, आणि ते हसू माझ्या जिव्हारी लागलं. मी दारातल्या माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "चाय मांड." ते लेकरू जगलं, आता शाळेत जातं, दिसलं की मी त्याचे लाडही करते. माझी पोरं बापाच्या खांद्याला लागलीत, पण त्याच्या छातीवर एकदाही निजली नाहीत. शेजारून तो वास आला, की मी आधी खिडकी लावून घेते.