सासूबाईंचा लाल दिवा

पंच्याऐंशी वर्षांच्या सासूबाई कुवेतला आमच्याकडे राहायला आल्या आणि पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या, "लग्नानंतर आठ वर्षं मी रेडिओवर लोकगीतं गायले." मी बँकेत ऑडिटला. इथे इकाम्यापासून, म्हणजे राहण्याच्या परवान्यापासून, सगळं शिक्क्यावर चालतं, आणि यांच्याकडे ना कागद, ना फोटो. माहेरच्या, सासरच्या, दोन्ही नावांनी इंटरनेट पालथं घातलं. काही नाही. विचारलं तर म्हणत, "तेव्हा टेपा पुसून परत वापरायचे." सोयीचं उत्तर. बायको वैतागली, "आता माझ्या आईचंही ऑडिट करणार का?" हो, करायचंच होतं.

गणपतीत मराठी मंडळाने त्यांना गायला बोलावलं. महिनाभर त्या स्वयंपाकघरात गुणगुणत होत्या. मरण्याआधी एकदा माइकसमोर उभं राहायचं, एवढंच त्यांना हवं होतं. कार्यक्रमपत्रिकेत त्यांच्या नावापुढे 'जुन्या काळच्या रेडिओ गायिका' असं छापणार होते. मी सेक्रेटरींना गुपचूप फोन करून ते काढायला लावलं. उद्या कोणी खोदून विचारलं तर शोभा आपलीच, नाही का?

शाळेच्या हॉलमध्ये त्या माइकसमोर उभ्या राहिल्या. ढोलकीवाल्याने ठेका धरला, थांबला, पुन्हा धरला. बाई गप्प. लोक चुळबुळायला लागले. मी मनात म्हटलं, सापडल्या. खोटं कशाला सांगू, बरंही वाटलं.

मग त्या पहिल्या रांगेतल्या आमच्या मुलीला म्हणाल्या, "अगं, रेकॉर्डिंगचा लाल दिवा कुठाय? तो लागल्याशिवाय सुरू कसं करू?"

"वेट, आजी," म्हणत तिने मोबाइलचा स्क्रीन लाल केला आणि उंच धरला. सासूबाईंनी माइकपासून वीतभर अंतर घेतलं आणि हळदीचं गाणं सुरू केलं. हातातल्या वहीचं पान उलटलं तेही आवाज न करता. श्वास घेताना मान बाजूला. गाणं संपलं तरी त्या हलल्या नाहीत. मुलीने मोबाइल खाली घेतला, तेव्हा कुठे खोकल्या. असलं काही कोणी उगाच शिकत नाही. मला स्वतःची लाज वाटली.

परतताना गाडीत त्यांनी पत्रिका उघडली. "नुसतं नावच आहे. सेक्रेटरी म्हणाले, तुम्ही काढायला सांगितलंत."

मी गाडी कडेला घेतली.

"असू दे, जावईबापू. माझे सासरेही गाऊ द्यायचे. फक्त रेडिओवर माहेरचं, सासरचं, कुठलंच खरं नाव सांगायचं नाही, ही अट होती."