उजवा गुडघा

निवृत्तीला तीन वर्षं झाली, तरी हे प्रकरण माझ्या मनातून गेलेलं नाही.

उधव्याकडच्या पाड्यावरची एक मजूर बाई चारोटीला बस बदलत होती. गर्दीत तिची सहा वर्षांची मुलगी हरवली. मी तेव्हा फौजदार होतो. हरवल्याची नोंद मीच लिहिली : डाव्या गुडघ्यावर विळा लागल्याची खूण.

अकरा वर्षांनी मी निरीक्षक म्हणून त्याच ठाण्यात परत आलो. एके दिवशी गुजरातमधल्या एका बालगृहातून फोन आला. सतरा वर्षांची मुलगी, लहानपणी चुकीच्या बसमध्ये चढून तिकडे पोहोचलेली. गुडघ्यावर खूण.

दोघींना ठाण्यात समोरासमोर आणलं. खूण उजव्या गुडघ्यावर निघाली.

"हीच माझी पोर. खूण इथंच होती," आई म्हणाली.

आत्ता पाहिलेलं माणसं जुनी आठवण म्हणून सांगतात, हे मी अनेक जबाबांत पाहिलं होतं. शिवाय तेव्हा ती 'डावा' म्हणाली, हे मला स्वच्छ आठवत होतं. मी डीएनए तपासणीचा प्रस्तावही पाठवला नाही. 'खूण जुळत नाही' असा शेरा मारून मुलीला परत पाठवलं.

त्यानंतर दर बाजाराच्या दिवशी बाई ठाण्याच्या बाकावर येऊन बसू लागली. सोळा वेळा आली. प्रश्न एकच असे.

"सायेब, तिकडं तिला मासळी देतात का?"

चार महिन्यांनी शेवटचा जबाब घेऊन प्रकरण मिटवायला बसलो. खूण विचारली. समोर बसलेल्या बाईने काहीच न बोलता आपल्या उजव्या गुडघ्यावर बोट ठेवलं. मी लिहिलं, 'डावा'.

तिच्या शेजारी बसलेल्या महिला हवालदाराने कागदात डोकावून पाहिलं. "साहेब, पाय तिचा आहे, तुमचा नाही."

माझा पेन थांबला. अकरा वर्षांपूर्वीही बाईने फक्त बोट ठेवलं असणार. 'डावा' हा शब्द माझाच होता. मी तो इतक्यांदा वाचला होता, की तो मला तिच्या आवाजात ऐकू येत होता.

त्याच आठवड्यात दोघींचे डीएनएचे नमुने पाठवले. ते जुळले.

मुलगी आली, तेव्हा आईकडे बघून म्हणाली, "मने कंई याद नथी."

सीमेपलीकडे मजुरीला जाणाऱ्या आईला गुजराती कळत होती. "नसू दे," ती म्हणाली. "मला हाय ना."

पुढे सेवेत असेपर्यंत मी प्रत्येक जबाब देणाऱ्याला दोनदा वाचून दाखवला, स्वतःच्या आठवणीची साक्ष कधी काढली नाही. त्या दोघींची अकरा वर्षं एका चुकीच्या बसने नेली. पुढचे चार महिने माझ्या खात्रीने.