बामणघळीची सव्वाआठची भरती

मुलांनो, हेदवीची बामणघळ तुम्ही अजून पाहिलेली नाही. समुद्राकाठच्या कातळात एक अरुंद, खोल चीर आहे. भरतीची लाट तिच्यात शिरली, की पुढे वाट नसल्यामुळे पाणी सरळ वर उसळतं, जवळजवळ माडाएवढं. पाणी कमी असलं, की ती नुसती एक फट असते.

ऐंशीच्या दशकातल्या एका मे महिन्यात तुमच्या आजोबांची बहीण, म्हणजे माझ्या वन्सं, आणि त्यांचे यजमान पुण्याहून रत्नागिरीला आमच्याकडे आले. यजमान घरचे जावई, त्यामुळे त्यांना उलट बोलायची सोय नव्हती, आणि हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. रत्नदुर्गावरून समुद्र दाखवला, तर सिंहगडावर वारा जास्त लागतो म्हणाले. थिबा राजवाडा त्यांना मोठ्या बंगल्यासारखा वाटला. पूर्णगड बघून झाल्यावर किल्ला कुठे आहे असं विचारलं. मग मी हट्टालाच पेटले. परत जाण्याआधी या माणसाच्या तोंडून एकदा तरी 'वा' निघालंच पाहिजे. आता माझी सगळी भिस्त बामणघळीवर होती.

मी टाइपरायटरवर कार्यक्रम तयार केला, कार्बन लावून चार प्रती. गुहागरला मुक्काम, सकाळच्या एसटीनं हेदवी, दहाच्या गाडीनं परत. भरतीची वेळ काढायचा कोकणातला हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करायची. आम्ही एकादशीला जाणार होतो, म्हणजे सव्वाआठ.

निघायच्या आदल्या दिवशी जावयांना रीतीप्रमाणे बरक्या फणसाच्या गऱ्यांचा आग्रह झाला. आग्रह मोडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. पुढचे काही दिवस ते पोट धरून पडून होते. मी कार्यक्रम चार दिवस पुढे ढकलला आणि चारही प्रती नव्यानं टाइप केल्या. सगळ्या तारखा बदलल्या. वेळा तशाच ठेवल्या.

ठरल्याप्रमाणे सव्वाआठच्या ठोक्याला आम्ही घळीच्या तोंडाशी उभे होतो. खाली पाणी डुबूक डुबूक करत होतं. जावयांनी वाकून पाहिलं, खिशातून माझा कागद काढून वाचला, घड्याळ पाहिलं.

"वहिनी, हीच का ती?"

मी म्हणाले, थोडं थांबू या. साडेआठ झाले, नऊ झाले. पुण्याला आमच्या घरी नळाला येणारं पाणीसुद्धा याहून जोरात येतं, असं त्यांनी तुमच्या आजोबांना सांगितलं. आजोबांना समुद्रात अचानक काहीतरी दिसायला लागलं.

तेवढ्यात खडकावरची कालवं काढून एक म्हातारी टोपली घेऊन चालली होती. तिला विचारलं, तर तिनं माझ्या हातातल्या कागदाकडे पाहिलं.

"आज पुनव नाय काय? अकराशिवाय घळ बोलायची नाय. तुमच्या कागदात तिथी नाय काय?"

नव्हती. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. कानशिलं तापली माझी. दहाची गाडी गेली, तर पुढची एकची. आयुष्यात मी ठरलेली गाडी कधी चुकवलेली नव्हती.

"दहाची गाडी सोडू या," मी म्हणाले.

आजोबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की ताप आहे का म्हणून आता कपाळाला हात लावतील. वन्सं सावलीत जाऊन बसल्या.

अकराच्या सुमारास जावई आम्हाला महाबळेश्वरचा कडा यापेक्षा किती खोल आहे ते समजावून सांगत होते. पाठ घळीकडे होती. आधी पोटातून यावा तसा आवाज आला, मग पांढरा खांब वर गेला आणि सगळाच्या सगळा त्यांच्यावर कोसळला. मी घाबरले. घरचा जावई, नुकता बरा झालेला, आणि तो असा नखशिखांत भिजलेला.

त्यांनी चष्मा काढला, ओल्या सदऱ्यानं पुसला, पुन्हा घातला.

"वहिनी, हे परत येतं का हो?"

येतं म्हटल्यावर त्यांनी चपला काढल्या, चष्मा वन्संच्या हातात दिला आणि पुन्हा त्याच जागी जाऊन उभे राहिले, या वेळी घळीकडे तोंड करून.

'वा' काही ते म्हणाले नाहीत. एकच्या गाडीसाठी तीनदा हाक मारावी लागली. तिसऱ्या हाकेला म्हणाले, तुम्ही व्हा पुढे, मी पुढच्या गाडीनं येतो. पुढची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी होती.