गौराक्काची ओळ

बांधाला बांध लागून असला की किस्से गोळा करावे लागत नाहीत, आपणहून पदरात पडतात. त्यात आमचं होटगीकडचं रान, शेजारी मल्लूअण्णा आणि त्यांची बायको गौराक्का. गाव मला भोचक म्हणतं. म्हणू दे! हे दोघं शेजारी असताना कामात लक्ष लागणार कसं?

कृषी सहायक मॅडम आल्या होत्या. म्हणाल्या, "अण्णा, पावसावरचा भुईमूग आहे तुमचा. फुलांतून सुटलेल्या आऱ्या मातीत शिरताना जिप्सम द्या, शेंगा भरतील. एक ओळ तशीच सोडा, म्हणजे फरक कळेल."

गौराक्कानं जिप्समच्या पोत्यात हात घातला. "हा तर चुना हाय की! शेंगांनी काय पान खाल्लंय व्हय?"

आणि कडेच्या ओळीला काठी रोवून लुगड्याची चिंधी बांधली. "ही माझी. हिला नुसतं शेणखत!"

*

काढणीला बघते तर काय, गौराक्काची ओळ अण्णांच्या तोडीस तोड! मॅडमनी वहीत लिहिलं, खोडलं, परत लिहिलं.

गौराक्का कमरेवर हात ठेवून म्हणाली, "खोडताय काय मॅडम? लिवा की. खत : गौरा!"

*

फुलोऱ्यात पिकावरून रिकामा ड्रम फिरवतात, आऱ्या मातीत रुताव्यात म्हणून. अण्णा ड्रम ढकलत होते, गौराक्का मागून सूचना देत होती. हिकडं घ्या, तिकडं सोडा.

अण्णा वैतागले. "तुज्यापरीस ह्यो ड्रम बरा. बोलत तरी न्हाय!"

"म्हणून तर रिकामा हाय!"

मी बांधाआड तोंडात पदर कोंबून बसले.

*

शेंगा उकडल्या की ती दोन ताटल्या पुढं ठेवायची. "वळखा, माझ्या ओळीच्या कुठल्या?" अण्णा दरसाल बरोबर ओळखायचे.

मी एकदा गाठून विचारलं, "चवीवरनं कळतं व्हय?"

"कसली चव, वैनी! ती ज्या ताटलीकडं बघती, ती तिची."

*

दोन वर्षांमागं गौराक्का गेली. आठ दिवसांचा ताप, बस.

त्या साली अण्णांनी तिच्या ओळीला जिप्सम घातलं नाही. काठीला नवी चिंधी मात्र बांधली. काढणीला शेंगा पोचट. एकेक कानाशी धरून हलवत होते, नुसता खुळखुळ.

मग म्हणाले, "वैनी, ही गुपचूप जिप्सम घालत हुती की!"

मी मान खाली घातली. मी बघितलं होतं ना, दरसाल! आणि दरसाल तिनं ओंजळभर शेंगा माझ्या पदरात टाकून माझं तोंड बंद केलं होतं.

*

यंदा मॅडमनी विचारलं, "बिनजिप्समची ओळ सोडली ना, अण्णा?"

"ती काय, चिंधीची."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बांधावरून डोकावले. अण्णांनी चारी बाजूंना बघितलं, धोतराच्या सोग्यातून मूठ काढली आणि चिंधीच्या ओळीला पांढरी भुकटी सोडत गेले. टोकाला वळले आणि मी दिसले!

"काय बघितलंत, वैनी?"

"कुटं काय?"

काढणीच्या दिवशी अण्णांनी आधी ओंजळभर शेंगा माझ्या पदरात टाकल्या. मग चिंधीजवळचा वेल उपटून मॅडमपुढं धरला. शेंगा टचटचीत भरलेल्या! मॅडमनी वही उघडली, पेन तसंच हातात.

"थांबलात का मॅडम? लिवा की," अण्णा म्हणाले. "खत : गौरा."