तांडेलमामाची फोर बाय फोर

तांडेलमामा कुठलीही वस्तू ठोकून पाहिल्याशिवाय घरात घेत नसे. कलिंगड, माठ, लाकडी पाट, फ्रिज, सगळ्यांना एकच परीक्षा. बोटं दुमडून दोनदा टकटक करायची, मान तिरकी करून ऐकायचं आणि निकाल द्यायचा. "भरीव हाय" म्हणजे पास. "पोकल" म्हणजे नापास, आणि त्यावर अपील नाही. होडीच्या फळ्या अशाच पारखतात. कुजलेल्या फळीचा आवाज वेगळा येतो. पण ही रीत फळ्यांपुरती आहे हे मामाला कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या लग्नाच्या बोलणीत तो मुलाच्या मागे जाऊन उभा राहिला आणि त्याने त्याच्या दोन खांद्यांच्या मधोमध ठोकलं. मुलाकडची मंडळी चहाचे कप हातात धरून बघत राहिली. "भरीव हाय," मामा माझ्या आईला म्हणाला, "देऊन टाक." माझा नवरा हे प्रशस्तिपत्र अजून लोकांना सांगतो.

मामा माझ्या आईचा धाकटा भाऊ. ठाण्याच्या खाडीकाठी आमचा कोळीवाडा आहे, तिथे त्याला सगळे तांडेल म्हणत. तांडेल म्हणजे मोठ्या मासेमारी नावेचा कप्तान, दहा-बारा खलाशांवर हुकूम चालवणारा. मामाच्या होडीत मात्र दोन माणसं आणि एक टोपली बसली की तिसऱ्याला काठावरून हात हलवावा लागे. जन्मभर त्याने औषधांच्या कारखान्यात पॅकिंगचं काम केलं आणि सुट्टीच्या दिवशी होडी काढली. हुकूम चालवायला खलाशी नसल्यामुळे तो मामीवर चालवून बघायचा. मामी ऐकत नसे. "तांडेल पान्यावर," ती म्हणायची, "घरान मी."

होडी लाकडाची, त्याच्या बापाच्या हातची. अशी होडी पावसाळ्याआधी पाण्याबाहेर काढून झाकून ठेवावी लागते, नाहीतर कुजते. पूर्वी हे काम सोपं होतं. मामा नाक्यावर उभा राहून हाक मारायचा, वाड्यातले पुरुष जमायचे, दोर धरायचे आणि सगळ्यांनी एकदम ओढावं म्हणून तालात हाळी देत होडी वर घ्यायचे. मग काठावर भराव पडला. भरतीला होडी चिखलापर्यंत येई, पण शेवटचा चिखलाचा पट्टा आणि भरावाची चढण माणसांनी ओढूनच पार करावी लागे. आणि माणसं मिळेनात. कुणाची शिफ्ट, कुणाचा गुडघा, कुणाच्या मुलाची परीक्षा. "तांडेल, रविवारी बघू," सगळे सांगत, आणि रविवारी आपापल्या घरी झोपत. एका वर्षी होडी तशीच खाडीत राहिली. पाऊस संपल्यावर मामाने फळ्या ठोकून पाहिल्या. एक पोकळ वाजली. त्या दिवशी तो जेवला नाही. आणखी एक पावसाळा खाडीत काढला तर होडीचं सरपणच होणार, हे त्याला कळलं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात तो माझ्याकडे वर्तकनगरला आला. हातात मोबाइल, मोबाइलवर एका जुन्या जीपची जाहिरात.

"बाय, ही आनायची. फोर बाय फोर हाय. चारी चाकं ओढतात."

"मामा, तुला गाडी चालवता येत नाही."

"तुला येते."

आमच्या घरात कुणालाही कागदपत्रांचं काम निघालं की ते माझ्याकडे येतं. गाडी चालवायचं कामही असंच माझ्या गळ्यात पडलं. मी म्हटलं, जाऊ, पण एक मेकॅनिक बरोबर घेऊ. मामाने मान हलवली. "होडी बगायला सुतार नेत नाय, बाय. सुतार आपल्याच घरची कामं काढतो."

जीप कल्याणला, दुर्गाडीच्या पुलाजवळ होती. मालक ठेकेदार, मुरबाडकडच्या शेतावर जाण्यासाठी त्याने ती ठेवली होती. मी आरसी, विमा आणि पीयूसी पाहिली, चेसिसचा नंबर जुळवला, एक फेरी मारली. गिअर कडक, ब्रेक बरे, हॉर्न ट्रकचा. मामाने आपली तपासणी सुरू केली. पुढचा दरवाजा ठोकला, मागचा ठोकला, आत शिरून तळ ठोकला, वाकून तळाचा वास घेतला. मग बॉनेटसमोर उभा राहून दोन्ही हात फाकवले आणि जीपला मिठीच मारली. तो रुंदी मोजत होता. मामाच्या लेखी जगातली प्रत्येक लांबी वावात असे, म्हणजे पसरलेल्या दोन हातांत. जाळं वावात, पाण्याची खोली वावात, दिवाणखान्याचा पडदासुद्धा वावात. ठेकेदाराला हे कुठून कळणार? त्याला वाटलं गिऱ्हाईक गाडीच्या प्रेमात पडलं, आणि तोवर भाव कमी करायला कबूल होत आलेला माणूस एकदम ताठ झाला. मी डोळे वटारले. मामाने मिठी सोडली नाही.

"भरीव हाय," तो बॉनेटवर गाल टेकवून म्हणाला.

संपलं. त्यानंतर घासाघीस करण्यात काही अर्थ नव्हता.

घरी येताना गाडी मी चालवली, पण तांडेल शेजारी बसला होता. पायातल्या चपला काढून त्याने डावा हात खिडकीबाहेर घातला आणि पूर्ण रस्ता तो हात हुकूम देत राहिला. दुर्गाडीच्या पुलावर त्याने मला गाडी हळू करायला लावली, खाली पाहिलं आणि "सुकती लागली" असं जाहीर केलं, म्हणजे ओहोटी सुरू झाली. मागचे सगळे हॉर्न वाजवत होते. रांजनोलीच्या नाक्यावर कंटेनरांच्या रांगेत अडकलो तेव्हा त्याने मला शहाणपण शिकवलं. "या गलबताच्या मागं मागं ऱ्हा. त्यानं पानी कापलं का आपल्याला वाट मिलते." मी राहिले. ते गलबत डाव्या बाजूला थांबलं, ड्रायव्हर उतरून चहाला गेला. मामा म्हणाला, "याचा तांडेल बरोबर नाय."

खाडीची तोंडं तो डोळे मिटून ओळखायचा, पण माजिवड्याच्या उड्डाणपुलांची तोंडं त्याला भर उन्हात ओळखता आली नाहीत. "वर घे, वर घे," तो ठामपणे म्हणाला, मी घाईत घेतली, आणि आम्ही घोडबंदर रोडला लागलो. वळायचा कट बराच पुढे होता. मामा म्हणाला, "हवा बरी हाय इकडं."

वाड्यात मामी नारळ घेऊन उभी होती. होडीच्या टोकाला जसं हळद-कुंकू लावतात तसं तिने बॉनेटला लावलं, नारळ वाढवला, आणि मगच तोंड उघडलं. "घरान चमचे ठेवायला जागा नाय, आनि यानं हत्ती आनला." हत्ती गल्लीत शिरला नाही. मामाने बॉनेट वावात मोजलं होतं, गल्लीही वावात मोजली होती, पण बाजूचे आरसे दोन्हीकडे बाहेर आलेले असतात हे त्याच्या मिठीत धरलंच गेलं नव्हतं. "मिठी मारताना कान चाचपलं नाय काय?" मामीने विचारलं. जीप देवळासमोरच्या पटांगणात लागली आणि तिथेच राहिली.

मे संपत आला तेव्हा एका सकाळी मी रजा काढून गेले. ओहोटी होती. होडी चिखलात कलंडून पडली होती. बेत साधा होता. जीप उलटी भरावावरून थोडी खाली न्यायची, मागच्या हुकाला दोर बांधायचा आणि पुढे ओढायचं. मामाने सदरा इस्त्रीचा घातला होता. वाड्यातल्या कुणालाही त्याने बोलावलं नव्हतं. "आता कुनाच्या पाया पडायला नको," तो मला म्हणाला. तीन वेळा म्हणाला.

वरून चिखल वाळलेला दिसत होता. मागची चाकं त्याच्यावर टेकली आणि पापड मोडावा तसा तो मोडला. जीप मागून बसली. मी फोर बाय फोरचा दांडा ओढला, गिअर टाकला, पाय दाबला. मागची चाकं चिखल उडवत जागच्या जागी फिरली. इस्त्रीचा सदरा गेला. पुढची दोन चाकं कोरड्या भरावावर होती, ती ढिम्म.

"बाय, ही पुढची दोन काय सुट्टीवर हायत?"

मी उतरले. दोघांनी वाकून खाली पाहिलं. इंजिनाकडून मागच्या चाकांकडे एक जाडजूड दांडा गेला होता. पुढच्या बाजूला तसाच दांडा असायला हवा होता. तिथे नुसती हवा होती. मी तिथूनच ठेकेदाराला फोन लावला. तो अगदी सभ्यपणे बोलला. "मॅडम, तो पुढचा शाफ्ट डिझेल वाचवायला काढून टाकलेला. कुठे गेला आठवत नाही. पण तुम्ही विचारलंच नाही ना." गाडी फोर बाय फोर होती, आत फोर बाय फोरचा दांडाही होता, फक्त पुढच्या चाकांनी ओढायची सोय नव्हती. मामाने चारी बाजू ठोकल्या होत्या, पण गाडीच्या खाली शिरून पाहायचं त्याच्या मनातही आलं नव्हतं. होडी विकताना कुणी वल्ही काढून घेऊन विकत नाही.

मामा काठावरच्या एका पायरीवर बसला. "पोकल निघाली," एवढंच म्हणाला. सत्तरीचा माणूस, चिखलाने माखलेला, आणि समोर होडी. तिकडे खाडीत पाणी फिरलं होतं. भरती चढायला लागली की आधी होडी भिजेल आणि मग जीप. मला बसून राहायला वेळ नव्हता. मी हॉर्न दाबला आणि दाबून धरला.

ट्रकचा हॉर्न काय करू शकतो ते तेव्हा कळलं. होडीसाठी ज्यांचे गुडघे दुखत होते ते सगळे धावत आले. आधी हसायलाच आले. दोघांनी मोबाइल काढून शूटिंग सुरू केलं.

"तांडेल, ही काय नवीन पानबुडी?"

"पाणी चढतंय रे, जाळी आणू का? आरामात गाडीत बसून टाक."

"अगं ताई, तू पण याच्या नादाला लागलीस?"

"नादाला लागले, आता तुम्ही दोराला लागा," मी म्हटलं. "बोलायला पाणी थांबणार नाही."

होडी कुजायला पावसाळा लागतो, ती रविवारवर ढकलता येते. जीप मात्र सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बुडणार होती. एकाने पँट दुमडली, मग दुसऱ्याने. पुढच्या हुकाला दोर लागला. सगळे आपापल्या मनाने ओढत होते, त्यामुळे जीप हलत नव्हती. तेव्हा मामाच्या वयाचा एक म्हातारा ओरडला, "अरे, तांडेल कोन हाय हितं? हाळी कोन देल?"

मामा पायरीवरून उठला. सदऱ्याने तोंड पुसलं, म्हणजे आणखी माखलं, आणि भरावावर जाऊन उभा राहिला. त्याने हाळी दिली. म्हाताऱ्यांना ती येत होती, त्यांनी साथ दिली. तरुणांना शब्द येत नव्हते, पण ओढायचं केव्हा ते कळत होतं. मी गाडीत बसून त्याच तालावर पाय दाबत होते. चौथ्या की पाचव्या हाळीला जीप वर आली.

माणसं दोर टाकून हात झटकणार, एवढ्यात मामा म्हणाला, "आता पाय मललेच हायत तर..." आणि होडीकडे पाहत राहिला. कुणी कुरकुरलं, कुणी शिवी दिली, कुणी "म्हाताऱ्याने फसवलं" म्हणालं. पण दोर होडीला लागला, आणि जीपच्या मानाने होडी फुलासारखी वर आली. मामी बोंबील तळायला घेऊन बसली होती. माणसं पायाचा चिखलही न धुता जेवली, आणि मामा मधोमध बसून गाडी कशी भरावावरून घसरली ते हाताने दाखवत राहिला.

मला अपुरं काम खपत नाही. पुढचे काही महिने मी फोन करत राहिले आणि कोपरला एका भंगारवाल्याकडे त्याच मॉडेलचा पुढचा शाफ्ट मिळवला. गोणपाटात गुंडाळून मामाकडे नेला. म्हटलं, उद्याच गॅरेजमध्ये बसवून घेऊ. मामाने गोणपाट उघडलं, दांडा जमिनीवर उभा धरून ठोकून पाहिला.

"भरीव हाय."

"मग बसवायचा?"

"नको." त्याने तो परत गुंडाळला. "चारी चाकं ओढाय लागली त मानसं कशाला येतील?"

त्यानंतर मामा होता तोवर दरवर्षी जीप चिखलात रुतली. मी रजा काढून जायची, गाडी उलटी घ्यायची, हॉर्न दाबायची. जीपमध्ये काय नाही हे वाड्यात एव्हाना सगळ्यांना ठाऊक होतं. "तांडेल, या वर्षी तरी मेकॅनिकला दाखव," असं हसत हसत सुनावायचे, आणि ते म्हणताना पँट दुमडत असायचे. शिफ्ट बदलून घेतलेली मी स्वतः पाहिली आहे. मामा दर वर्षी तेवढ्याच चकित चेहऱ्याने चाकांकडे बघायचा. नाटक वाईट करायचा, पण न चुकता.

गेल्या दिवाळीनंतर मामा गेला. आजारी फार नव्हता, कुणाला ताप दिला नाही. दिवस-कार्य झाल्यावर मी जीपचे कागद मामीच्या नावावर करून घेतले. होडी वाड्यातले दोघे चुलतभाऊ वापरतात, मामीला मासळी आणून देतात. शाफ्ट मामीने माझ्याकडे पाठवून दिला, तो आमच्या गॅलरीत उभा आहे. माझा नवरा येता-जाता त्याला अडखळतो. "आता तरी बसवून टाक," मे महिन्यात तो म्हणाला. "पुढच्या महिन्यात पाऊस. होडी वर काढायची असेल ना?"

"काढायची आहे," मी म्हटलं.

मी शाफ्ट गॅलरीच्या दुसऱ्या कोपऱ्यात सरकवला आणि वाड्यात गेले. ओहोटी होती. जीप पटांगणातून काढली, भरावावर नेली, उलटी घेतली. वाळलेला चिखल मोडल्याचा आवाज आला. खाली उतरून मागची चाकं नीट रुतली आहेत का ते पाहिलं, टायर दोनदा ठोकला, आत बसले आणि हॉर्न दाबून धरला.