चारीच्या काठावरचा नाताळ

आमच्या गल्लीत नाताळची गाणी म्हणणारी पोरं ढोलकी घेऊन निघाली, आणि त्याच वेळी मी आणि माझी मुलगी रूथ बॅगा उचलून बसस्थानकाकडे निघालो. लग्न झाल्यापासून मी नाताळला नगर कधी सोडलं नव्हतं. आमच्याकडे हा सण म्हणजे चुलत-मावस मिळून घरभर माणसं, अंगणातल्या मोठ्या पातेल्यातलं मटण आणि आठवडाभर आधीपासून चाललेल्या करंज्या. शेजारच्या काकू दारात येऊन म्हणाल्या, "अगं, सणाला कुणी घराला कुलूप लावतं का?" मी हसले. थांबले मात्र नाही. थांबले असते तर त्यांनी खरं कारण विचारलं असतं.

माझे यजमान, प्रभाकर, पाटबंधारे खात्यात अभियंता आहेत. हिंगोली जिल्ह्यात पूर्णा नदीवर सिद्धेश्वरचं धरण आहे, तिथे त्यांची नेमणूक. उन्हाळ्यात त्यांच्या छातीत दुखलं आणि हृदयाच्या एका नळीत जाळी बसवावी लागली. थोडे दिवस घरी राहिले आणि डॉक्टरांनी हो म्हटलं त्याच आठवड्यात परत सिद्धेश्वरला गेले. आता रब्बीचं पाणी सोडलेलं, म्हणून सुट्टी नाही. फोनवर म्हणाले, "तुम्ही दोघी कशाला येता? इथे सणासारखं काही नाही." सणासाठी निघालोय असं मी रूथला सांगितलं होतं. खरं तर मी त्यांना घरी आणायला निघाले होते.

रात्रीच्या प्रवासात डोळा लागला नाही. सकाळी परभणीला उतरून आम्ही औंढ्याची एसटी पकडली. थंडी चांगलीच होती. दोन्ही बाजूंनी तूर कापणीला आलेली, मधेच पिवळी पडू लागलेली हळदीची पानं, कुठे वेचायचा राहिलेला कापूस. रूथ खिडकीला नाक लावून बसली होती. मी फोन लावत होते. लागत नव्हता.

हट्टा गावाजवळ बस एकदम घरघरली आणि बंद पडली. वाहक म्हणाला, "उतरा. मागची गाडी येऊन राहिली, तिच्यात बसा." मागची गाडी आली ती आधीच भरलेली. सगळे एकदम दारावर तुटून पडले. मी रूथला पुढे ढकललं, तिने मला आत ओढलं, आणि बस सुटून जवळा बाजारपर्यंत आली तेव्हा लक्षात आलं की फराळाची पिशवी बंद पडलेल्या गाडीतच राहिली. केक, करंज्या, चिवडा आणि प्रभाकरांचा नवा सदरा. सगळं तिच्यात.

"आई, रडू नकोस हं," रूथ म्हणाली.

"पिशवीसाठी कोण रडतंय?" मी म्हणाले. आणि खरंच पिशवीसाठी नव्हतं.

औंढ्याहून रिक्षा केली. धरणाची लांबलचक भिंत दिसली, मग पाणी दिसलं. सकाळच्या उन्हात इतकं पाणी एकदम समोर आलं की क्षणभर मी सगळं विसरले. काठाला भोई लोकांच्या होड्या उलट्या करून ठेवलेल्या. दूरवर बगळे. रिक्षावाला अभिमानाने म्हणाला, "औंदा फुल्ल हाय बघा!" क्वार्टरच्या फाटकाशी प्रभाकर उभे होते. मफलर गुंडाळलेला, गाल आत गेलेले. ते पुढे होऊन रूथच्या हातातली बॅग घेऊ लागले.

"ठेवा ती खाली," मी म्हणाले. भेटल्यावरचं माझं पहिलं वाक्य हे.

क्वार्टरमध्ये एक शेगडी, एक तवा, एक कढई, दोन ताटं. भिंतीला शेवाळ. सणाचं सामान हरवलं हे ऐकून प्रभाकर इतके हसले की मला रागच आला. "मग काय झालं? ज्वारीचं पीठ आहे, गूळ आहे, रवा आहे. भोयाकडून मासा आणतो. येशूच्या जन्माला तरी कुठे करंज्या होत्या?" रूथने लगेच कंबर कसली. जुन्या वर्तमानपत्राच्या कागदाचे तारे कापून तिने दाराच्या चौकटीला चिकटवले. मी चादरी झटकल्या, भांडी घासली, फरशी पुसली, पुन्हा पुसली. हात थांबले की नजर त्यांच्या छातीकडे जायची.

संध्याकाळी आम्ही तिघं धरणाच्या भिंतीवरून थोडं चाललो. परत येऊन गाणी म्हटली. प्रभाकरांचा आवाज चांगला आहे, आमच्या देवळात (चर्चमध्ये) अजून त्यांची आठवण काढतात. एका उंच ओळीशी ते थांबले, श्वास घेतला, आणि हाताने खूण करून आम्हाला पुढे म्हणायला सांगितलं. रूथने ती ओळ एकटीने पेलली. घरी चला, हे म्हणायचं होतं. पण सणाच्या आदल्या संध्याकाळी कसं म्हणायचं? उद्या उपासना झाल्यावर बोलू, असं मी ठरवलं.

नाताळच्या सकाळी रूथने गुळाचा सांजा केला. रोहूचे तुकडे मीठ-हळद लावून ठेवले होते. प्रभाकरांनी आंघोळ करून जुनाच पांढरा सदरा घातला आणि आम्ही चटईवर बसलो. बायबल उघडलं, आणि फोन वाजला. त्यांनी ऐकून घेतलं, "आलो" एवढंच म्हणाले आणि उठले.

"काय झालं?"

"शेवटाकडची चारी फुटलीय. घुशींनी भराव पोखरला असणार. पाणी हरभऱ्यात घुसतंय."

चारी (कालव्यातून शेतांकडे पाणी नेणारा छोटा पाट) ही काय चीज आहे ते मी तेव्हा पाहिलंही नव्हतं. मी म्हणाले, "दुसरं कुणी नाही का जायला?" पण फटफटी सुरू झाली होती. मग खिडकीत पाहिलं, तर त्यांच्या सकाळच्या गोळ्या तशाच पडलेल्या.

फोन लागेना. मी भाकरी थापल्या, मासे तळले. दारात गेले, आत आले, पुन्हा दारात. रूथ म्हणाली, "आई, एका जागी बस ना." बसवेना. ऊन वर चढलं तरी पत्ता नाही. तेवढ्यात फाटकातून एक बाई आली. डोक्यावर हरभऱ्याच्या भाजीची पाटी, हातात कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या. जवळच्या तांड्यावरच्या (बंजारा वस्तीतल्या) जमनाबाई. साहेबांकडे पाहुणे आले म्हणून भाजी घेऊन आल्या होत्या. माझा चेहरा बघून म्हणाल्या, "काहून हो बाई? कोण आजारी हाय का?"

मी सांगितलं. कुणालाही न सांगितलेलं, छातीतल्या जाळीपासून सगळं, त्या अनोळखी बाईला उभ्या उभ्या सांगितलं. त्यांनी पाटी खाली ठेवली.

"आन् साहेब चिखलात गेले? चला उठा. आमचं वावर बी तिथंच हाय. आमचा ट्रॅक्टर रिकामी पोती घेऊन निघून राहिला."

रूथने भाकऱ्या, मासे, सांजा सगळं एका मोठ्या डब्यात आणि फडक्यात बांधलं. गोळ्या मी मुठीत धरल्या. ट्रॉलीत खताच्या रिकाम्या पोत्यांवर आम्ही तिघी बसलो. रस्ता असा की दात दातावर आपटत होते. एरवी मी त्या वाटेचं वर्णन मन लावून केलं असतं, पण मला फक्त एवढं आठवतं की ती संपत नव्हती.

चारीच्या काठावर वीस-पंचवीस माणसं जमली होती. भरावाला बैलगाडी जाईल एवढं भगदाड पडलेलं, पाणी काळपट होऊन धो धो शेतात उतरत होतं. हरभऱ्याचे घाटे गढूळ पाण्यावर डुलताना दिसत होते. वरून पाणी बंद केलं होतं, पण चारीत भरलेलं वाहून येतच होतं. आणि मधोमध, गुडघाभर चिखलात, पांढरा सदरा कमरेपर्यंत भिजलेला, प्रभाकर खांद्यावर मातीचं पोतं घेऊन चालले होते.

"खाली ठेवा ते!" मी ओरडले. "आत्ताच्या आत्ता खाली ठेवा! हृदयाचं दुखणं आहे तुम्हाला, कळतं का?"

सगळे थांबले. प्रभाकरांनी माझ्याकडे असं पाहिलं की तसं त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. पोतं मात्र खाली ठेवलं नाही.

तेव्हा एक म्हातारे शेतकरी पुढे झाले. गंगाधरराव त्यांचं नाव, बुडत होता तो हरभरा त्यांचाच. त्यांनी साहेबांच्या खांद्यावरचं पोतं स्वतःच्या खांद्यावर ओढून घेतलं.

"आमाला काय म्हाईत, बाई? साहेब कवाच बोलले न्हाईत." मग प्रभाकरांकडे वळून, "साहेब, हरभरा पुढच्या साली बी येईल. तुमी काठावर बसा. कुठं पोतं टाकायचं तेवढं सांगा."

"मला काही झालेलं नाही," प्रभाकर म्हणाले.

जमनाबाई काठावरूनच कडाडल्या. "तकलीफ हाय म्हणून सांगाया लाज कशाची? बसा म्हणलं तर बसा!"

ते वर आले. मी गोळ्या पुढे केल्या. त्यांनी घेतल्या, पाणी प्यायले. मग काठावर उभे राहून सांगू लागले, "आधी कडेला. दोन थर. मधलं शेवटी." माणसं पोती टाकू लागली. बायका माती भरत होत्या. मलाही उभं राहवेना. मी पदर खोचला आणि जमनाबाईंच्या बाजूला पोत्याचं तोंड धरून बसले. रूथ घमेलं ओतत होती. कॉलेजात जाणारी माझी मुलगी कोपरापर्यंत काळी झाली होती. माझ्या बोटांची सालं निघाली. पण सकाळपासून पहिल्यांदाच हातांना खरं काम मिळालं होतं.

दुपार कलली तेव्हा पाणी अडलं. शेवटचं पोतं बसलं, त्यावर चार माणसांनी नाचून माती दाबली. गंगाधरराव त्यांच्या शेताकडे बघत उभे होते. निम्मा हरभरा चिखलात झोपला होता. मग हात धुऊन ते खाली बसले.

डबा उघडायची मला लाज वाटत होती. एवढ्या माणसांत आमचं ते अन्न कसं पुरणार? पण कुणाच्या भाकरी आल्या, कुणाचा ठेचा, कुणाची सोल्यांची (ओल्या तुरीच्या दाण्यांची) आमटी, आणि वर्तमानपत्रावर पंगत बसली. एकाने विचारलं, "आज तुमचा सण हाय म्हणे, साहेब?"

"हो," प्रभाकर म्हणाले. "जेवायच्या आधी आम्ही प्रार्थना करतो. चालेल?"

गंगाधररावांनी टोपी काढली. ती बघून बाकीच्यांनीही काढल्या. प्रभाकरांनी नेहमीची लांब प्रार्थना केली नाही. चिखलाने भरलेले हात जोडून म्हणाले, "प्रभू, या भाकरीसाठी आभार. ज्याचं पीक गेलं त्याला धीर दे. आणि मला ओरडायला माणूस दिलास, त्यासाठी आभार." रूथला हसू आवरलं नाही. मला काही हसू आलं नाही. मी खाली मान घालून आमेन म्हटलं.

रोहूचा तुकडा प्रत्येकाला बोटभर आला. सांजा जमनाबाईंनी चाखून बघितला आणि म्हणाल्या, "गूळ कमी हाय. पण लेकरानं केला, ग्वाड हाय."

परत येताना, रस्त्यावर लावलेल्या फटफटीपर्यंत, आम्ही दोघं चारीच्या काठाने चालत निघालो. रूथ ट्रॅक्टरवर पुढे गेली. मग मी म्हणाले, "घरी चला. मी त्यासाठीच आले होते."

"माहीत होतं," ते म्हणाले. "घरी मी पलंगावर पडून छातीचे ठोके ऐकत बसतो, मालती. इथे विसरतो. विसरलो म्हणूनच जगतोय असं वाटतं."

"तुम्ही विसरता. ते ठोके मग मी ऐकते, तिकडे नगरला बसून."

थोडं पुढे गेल्यावर ते म्हणाले, "सगळ्यांसमोर सांगायला नको होतंस."

"नको होतं," मी म्हणाले. "पण सांगितलं ते बरं झालं."

ते रागावलेच होते. तरी चढावर आल्यावर त्यांनी माझ्या खांद्यावर हात टाकून आधार घेतला आणि वर पोहोचल्यावरही तो काढला नाही.

रूथचं कॉलेज उघडायचं होतं म्हणून दोन दिवसांनी आम्ही निघालो. प्रभाकर आले नाहीत. उन्हाळ्यात पाणी बंद झालं की बदलीचं बघू, एवढंच म्हणाले. औंढ्याच्या स्थानकावरून बस हलली. मी त्यांना आणायला गेले होते आणि रिकाम्या हाती परत चालले होते. सारखं वाटत होतं, उतरावं. वाहकाला थांबवावं. रूथने माझा हात घट्ट धरून ठेवला होता. तिला कळलं असावं.

नगरला देवळात सगळे विचारतात, "कसा झाला नाताळ?" साधाच झाला, मी म्हणते. पाळक (आमचे धर्मगुरू) सांगतात, हा शांतीचा सण आहे. मला यंदा ती काही मिळाली नाही, आणि हे लिहितानाही माझा एक कान फोनकडे आहे. पण आता त्या फोनच्या पलीकडे मला माणसं दिसतात. पोतं ओढून घेणारे गंगाधरराव दिसतात, काठावरून रागावणाऱ्या जमनाबाई दिसतात. माझं भय एवढे दिवस माझ्या एकटीचं होतं. आता त्यांना ते ठाऊक आहे. काल जमनाबाईंचा फोन आला, तेव्हा माझ्या आधी त्यांनीच विचारलं, "बाई, साहेब आज जरा थकल्यावाणी दिसले. तुमाला बोलले का काही?"

नाही बोलले, मी म्हणाले. आणि आम्ही दोघींनी मिळून काळजी केली.