सगळ्या वाटा गुहेकडे

धारगळला हायवेवर ओळखीच्या एका पोराचं टायरचं दुकान. रविवारी सकाळी ते बंद ठेवून तो चार टाळकी जमवतो आणि फासे टाकून गोष्टीचा खेळ खेळवतो. गोष्ट त्याने सांगायची, आपण त्यातली माणसं व्हायचं. बायको गेल्यापासून मीही जातो. घरात भिंतींशी किती बोलणार?

खेळात मी लाकूडतोड्या. "काका, डावीकडे नदी, उजवीकडे रान. तुमची मर्जी," तो मान तिरकी करून म्हणतो. डावीकडे गेलो, गुहा. उजवीकडे गेलो, तीच गुहा! "मग विचारतोस कशाला रे मेल्या?" तो मिशीत हसतो. गुहेतला राक्षस त्याने आठवडाभर खपून रचलेला असतो ना.

गेल्या रविवारी मी म्हटलं, "मी गुहेत येत नाही. पेजेची वेळ झाली, घरी जातो. बायको वाट बघत असेल."

आता हा नदीला पूर आणणार, पूल पाडणार, मला ठाऊक. पण त्याने फासे खिशात टाकले.

"पोचलात, काका. दार उघडं आहे, ती पेज वाढतेय. काय म्हणते, ते तुम्हीच सांगा."

मी तिच्यासारखे कमरेवर हात ठेवले. "म्हणते, त्या गुहेत काय तुमच्या बापाचं ठेवलंय?"